धातूवर प्रकाशाची टाकी

पाट्याला आणि जात्याला टाकी लावून देणारी माणसे पूर्वी गल्लोगल्ली फिरत असत. वरवंटा घासून घासून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, ती नुसती घसरते, हे घरातील गृहिणीला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असे. मग टाकीवाल्याला हाक जाई. तो छिन्नी-हातोडी घेऊन पाट्यावर बारीक खाचा पाडी आणि तोच जुना दगड पुन्हा कामाचा होई. दगडाची जात, वजन, कठीणपणा सारे पूर्वीचेच असे. बदललेली असे ती त्याची वरची कातडी. गवंडीही जुन्या भिंतीवर नवा गिलावा चढवण्यापूर्वी तिला टाचे मारतो ते याच कारणासाठी. गुळगुळीत भिंत गिलावा धरून ठेवीत नाही.

ज्या विषयासंबंधी आम्हांला येथे चार शब्द सांगावयाचे आहेत, तो ऐकताना मोठा दुर्बोध वाटतो. मनुष्याच्या शरीरात बसवायच्या धातूच्या भागांवर, म्हणजे ज्यांना डॉक्टर इम्प्लांट म्हणतात त्यांवर, लेसरच्या अतिलघु स्पंदांनी सूक्ष्म पोत उमटवण्याची ही विद्या आहे. परंतु तिचे मर्म टाकीवाल्याच्या मर्माहून निराळे नाही. फरक इतकाच की येथे छिन्नी प्रकाशाची आहे, खाचा केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या आहेत आणि पाट्यावर येऊन बसणारी वस्तू चटणी नसून जिवंत पेशी आहे. जिवंत वस्तू आली की प्रश्न एकदम अवघड होतो. तो कसा, हेच आपणांस पाहावयाचे आहे.

हाडाने धातूला आपले म्हटले

शरीरात परकी वस्तू शिरली तर शरीर तिला सहसा आपले म्हणत नाही. तिच्याभोवती तंतूंचे एक वेष्टन तयार करून ते तिला वेगळी पाडते. धातूचा खिळा हाडात ठोकला आणि हाड व खिळा यांमध्ये असे मऊ वेष्टन तयार झाले, तर खिळा हळूहळू सैल होतो. म्हणून हाड आणि धातू यांचा थेट संयोग घडून येईल, ही कल्पनाच एके काळी कोणी मान्य करीत नव्हते.

१९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूची एक लहानशी कुपी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महाग कुपी काढून पुन्हा वापरावी म्हणून ते गेले, तो ती निघेना! हाड धातूला असे काही बिलगले होते की दोहोंची फारकत करणे अशक्य झाले. ब्रोनेमार्क यांनी ही अडचण टाकून दिली नाही. तिच्यातूनच त्यांनी नवी विद्या काढली. १९६५ साली त्यांनी एका गृहस्थाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले. ते गृहस्थ पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या आधारावर जेवत राहिले. आज आपल्या गावोगावच्या दंतवैद्याकडे जे 'फिक्स दात' बसवतात, त्यांचे मूळ त्या न निघालेल्या कुपीत आहे.

टायटॅनियमच का? या धातूला हवा लागताच त्याच्यावर आपोआप ऑक्साइडचा एक थर चढतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शरीरातील खारट द्रवांपासून धातूचे रक्षण हाच थर करतो आणि हाडाच्या पेशींची गाठ पडते ती या थराशीच. आतला धातू भार वाहतो खरा, पण सोयरीक जुळते ती कातडीशी. यास्तव कातडीवर काय लिहिले आहे याला एवढे महत्त्व.

पृष्ठभागासाठी शर्यत

इम्प्लांट शरीरात गेल्यावर पहिल्या काही सेकंदांत रक्तातील प्रथिने त्याला चिकटतात. मागाहून येणाऱ्या पेशी धातू पाहत नाहीत. त्या ही प्रथिने चाचपतात आणि बस्तान मांडायचे की नाही हे ठरवतात. हाड धरायला आठवडे आणि महिने लागतात. ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यातील स्क्रूला सुमारे तीन महिने व वरच्याला सहा महिने विश्रांती देत असत.

परंतु ही जागा बळकावण्यासाठी आणखी एक उमेदवार टपून बसलेला असतो, तो म्हणजे जंतू. शस्त्रक्रियेच्या वेळी चुकून आत शिरलेले चार जंतू जर धातूवर आधी जाऊन बसले, तर काही तासांतच ते आपल्याभोवती चिकट आवरण विणू लागतात. या आवरणाआड दडलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविक औषधे नीट पोचत नाहीत आणि शरीरातील रक्षक पेशीही त्यांच्यापुढे हतबल होतात. अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञाने १९८७ साली या प्रकाराला पृष्ठभागासाठी चाललेली शर्यत असे नाव दिले. शरीराच्या पेशी आधी पोचल्या तर इम्प्लांट टिकते. जंतू आधी पोचले तर बहुधा ते काढावे लागते. बदललेल्या सांध्यात संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन एवढेच असते. पण ज्याच्या वाट्याला ते येते, त्याला दुसरी आणि क्वचित तिसरी शस्त्रक्रिया, कित्येक आठवड्यांची औषधे आणि घरादाराची ओढाताण सोसावी लागते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: हाडाच्या पेशीला पायघड्या घालील आणि जंतूला उंबऱ्यावरच थोपवील अशी कातडी धातूवर करता येईल काय?

आजवर ही कातडी खडबडीत करण्याचे अनेक उपाय निघाले. धातूवर वाळूसारख्या कणांचा मारा करतात, त्याला आम्लात बुडवतात, त्यावर हाडातील खनिजासारख्या द्रव्याचा लेप देतात. हे उपाय चांगले आहेत आणि आजही प्रामुख्याने तेच वापरले जातात. परंतु वाळूच्या माऱ्याने पडणारी खाच कोठे पडेल आणि केवढी पडेल हे कोणी सांगू शकत नाही. पाऊस शिंपडावा तशी ती टाकी आहे. नेमकी खाच हवी असेल, तर नेमकी छिन्नी हवी.

उष्णता पसरण्यापूर्वी

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्यानंतर लेसरने पत्रे कापणे, भोके पाडणे ही कामे लवकरच सुरू झाली. पण साध्या लेसरची एक खोड आहे. तो धातू तापवून वितळवतो. खाचेच्या कडेला वितळलेल्या धातूचा बांध साचतो आणि भोवतालचा भाग करपतो. तापलेल्या सळईने मेणावर अक्षर काढावे तसा हा प्रकार.

आता स्पंद लहान करीत गेलो तर काय होईल? एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यांतल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. त्यांतल्याही एकाचे आणखी हजार भाग करा. एवढ्याशा काळाला फेम्टोसेकंद म्हणतात. एका सेकंदाशी त्याचे जे प्रमाण, तेच सुमारे ३ कोटी १७ लक्ष वर्षांशी एका सेकंदाचे! प्रकाश सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावतो. पण १०० फेम्टोसेकंदांत तोही अवघे ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी, अंतर कापतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे वाचकांनी पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

एवढा आखूड स्पंद धातूवर पडला की त्याची सारी ऊर्जा प्रथम धातूतील इलेक्ट्रॉन शोषून घेतात. इलेक्ट्रॉनांनी ती अणूंच्या चौकटीला द्यावी, मग चौकट तापावी आणि उष्णता आजूबाजूला पसरावी, अशी ही रीत आहे. पण या देण्याघेण्यास काही हजार फेम्टोसेकंद लागतात. तोवर स्पंद येऊन गेलेलाही असतो! जेथे प्रकाश पडला तेथील धातूचा अतिशय पातळ थर उडून जातो आणि शेजारच्या भागाला उष्णतेची झळ जवळजवळ लागत नाही. १९९६ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथील बोरिस चिचकोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब आणि आखूड स्पंदांची तुलना करून हा फरक स्पष्ट दाखवून दिला. अगदी थोडा धातू क्षणभर वितळतो, हे कबूल केले पाहिजे. आणि स्पंद फार घाईघाईने एकामागून एक सोडले तर उष्णता साचतेही. पण कारागिराने संयम राखला तर ही छिन्नी थंड राहते.

असे स्पंद बलवान करणे मात्र सोपे नव्हते. शंभर मायक्रोज्यूल ही ऊर्जा काय ती! तांदळाचा एक दाणा जमिनीपासून हातभर उचलायला जेवढी लागते तेवढी. पण तीच १०० फेम्टोसेकंदांत खर्च केली तर त्या क्षणापुरती शक्ती १००० मेगावॅट भरते. आपल्या कोयना प्रकल्पाची सारी जनित्रे मिळून १,९६० मेगावॅट देतात, त्याच्या निम्म्याहून ही शक्ती अधिक झाली. असला स्पंद वाढवू जावे तर वाढवणारे स्फटिकच फुटून जात. यावर १९८५ साली रॉचेस्टर येथे डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे गुरू जेरार्ड मुरू यांनी तोड काढली. अरुंद पुलावर मोठा जमाव एकदम घुसला तर पूल कोसळतो. तोच जमाव रांगेने गेला तर पूल शाबूत राहतो आणि पलीकडे पुन्हा गर्दी करता येते. त्यांनी स्पंद आधी लांबवला, लांब असतानाच त्याचे बळ वाढवले आणि मग त्याला पुन्हा आखडून घेतले. या युक्तीबद्दल दोघांना २०१८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पुढे मुरू मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे १९९३ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा किरण चुकून गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला डोळ्याच्या पडद्यावरील जखम विलक्षण रेखीव दिसली. तिच्या कडा भाजलेल्या नव्हत्या. आज चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी आपल्या शहरांतून ज्या 'फेम्टो' लेसरचे नाव ऐकू येते, त्याचा एक धागा त्या अपघातापर्यंत जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अतिलघु आणि अतितीव्र स्पंदांवर कित्येक वर्षे संशोधन चालू आहे. तात्पर्य, ही छिन्नी आता आपल्यालाही अपरिचित राहिलेली नाही.

धातूवर उमटणारी तासे

या छिन्नीची सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. धातूवर योग्य तीव्रतेचे काही स्पंद सोडले की तेथे आपोआप समांतर रेघा उमटतात. शेतकऱ्याने पाभर फिरवल्यावर जशी तासे पडतात, तशा त्या दिसतात. अशा रेघा १९६५ साली मिल्टन बर्नबॉम यांनी माणकाच्या लेसरने अर्धवाहकावर प्रथम पाहिल्या होत्या.

त्या का पडतात? विहिरीत दोन खडे टाकले की दोन लाटा एकमेकींत मिसळतात. कोठे पाणी दुप्पट उसळते, कोठे स्तब्ध राहते. येणारा प्रकाश आणि धातूच्या पृष्ठभागावरून सरपटत जाणारी विद्युत-लहर यांचे असेच मिश्रण होते. जेथे दोहोंचे बळ एकवटते तेथील धातू अधिक उडतो आणि तास पडते. म्हणून तासांमधील अंतर प्रकाशाच्या लहरीच्या लांबीहून थोडे कमी, म्हणजे अर्ध्या ते पाऊण मायक्रॉनच्या आसपास असते. प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवली की तासांची दिशाही फिरते. तीव्रता वाढवली, स्पंदांची संख्या वाढवली, तर तासांच्या जागी कित्येक मायक्रॉन उंचीचे शंकू व टेकड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या अंगावर पुन्हा बारीक तासे असतात. एकच हत्यार, पण हात हलका किंवा जड करून वेगवेगळे नक्षीकाम!

गंमत अशी की या प्रयोगांतील अनेक लेसर ज्या स्फटिकावर चालतात, त्या नीलमण्यातही टायटॅनियमच मिसळलेले असते. टायटॅनियमनेच टायटॅनियमला टाकी लावावी, असा हा योग आहे.

शेत कोणासाठी नांगरायचे?

पेशीला पायाखालची जमीन समजते, ही गोष्ट जुनी आहे. १९१४ साली येल येथील रॉस हॅरिसन यांनी कोळ्याच्या जाळ्यातील तंतूंवर भ्रूणाच्या पेशी ठेवून पाहिल्या, तेव्हा त्या तंतूंच्या दिशेनेच लांबत गेल्या. धातूवरील तासांवरही हाडाकडे वळणाऱ्या पेशी असेच वळण घेतात. पोर्तुगालमधील लिस्बन आणि फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लेसरने असा पोत दिलेल्या टायटॅनियमच्या मिश्रधातूवर मानवी मूलपेशी वाढवल्या. त्या खनिज साठवून हाडाचा मार्ग धरू लागल्याची चिन्हे त्यांना आढळली.

जंतूंचे काय? हाडाची पेशी वीस-तीस मायक्रॉन लांब, तर स्टॅफिलोकोकस हा गोल जंतू एक मायक्रॉनच्या आतबाहेर. पाऊण मायक्रॉनच्या तासांवर पेशी चटईसारखी पसरते. जंतूला मात्र तासाच्या तळात बसता येत नाही आणि माथ्यावर टेकायला जागा अपुरी पडते. पन्हाळी पत्र्यावर ठेवलेल्या चेंडूसारखी त्याची गत होते. याच मंडळींनी २०१६ साली दाखवले की अशा पृष्ठभागावर स्टॅफिलोकोकस जंतू कमी चिकटतात. पण तीच खाच पाच मायक्रॉन रुंद झाली तर? मग ती जंतूंच्या दृष्टीने खंदक होते, लपायला उत्तम! खडबडीतपणा चांगला की वाईट, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. केवढी खाच आणि कोणासाठी, हे विचारावे लागते.

याचा एक बोलका दाखला हॅनोव्हर आणि ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न येथील शास्त्रज्ञांनी २०११ साली दिला. त्यांनी लेसरने टायटॅनियमवर कमळाच्या पानासारखा पृष्ठभाग केला. अळवावरच्या पाण्याप्रमाणे त्यावर पाण्याचा थेंब ठरेना. जंतूही ठरणार नाहीत, अशी अपेक्षा होती. स्युडोमोनास नावाचे दांडीसारखे जंतू खरोखरच ठरले नाहीत. परंतु गोल स्टॅफिलोकोकसांनी त्याच पानावर खुशाल घर केले. एका चोरासाठी घातलेले कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडले, असे झाले.

आणखी एक बाजू आहे. प्रत्येक इम्प्लांट हाडाने कायमचे धरावे असे नसते. मोडलेले हाड जुळेपर्यंत बसवलेली पट्टी व स्क्रू पुढे काढायचे असतात. तेथे हाडाने फार मिठी मारली तर काढताना त्रास होतो. ऑस्ट्रियातील लिंझ येथील संशोधकांनी याच लेसरने उलटा पोत शोधला: असे शंकू की ज्यांवर हाडाच्या पेशी नीट चिकटू नयेत. त्याच प्रकाशाने स्वागत लिहिता येते आणि मज्जावही.

सावधगिरीचे दोन शब्द

एवढे वाचून कोणास वाटेल की आता लेसरने टाकी लावलेला सांधाच बसवून घ्यावा. येथे आम्हांला हात धरून थांबवणे भाग आहे. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत झालेले आहेत. बशीत रक्त वाहत नाही, शरीराचा भार पडत नाही आणि दहा वर्षे उलटत नाहीत. टाकी लावलेला पृष्ठभाग सुरुवातीला पाणी शोषून घेतो. पण काही आठवडे हवेत पडून राहिला की हवेतील कार्बनयुक्त द्रव्ये त्यावर बसतात आणि तोच पाणी झिडकारू लागतो. म्हणजे कारखान्यातून निघालेला गुण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत टिकवण्याचाही प्रश्न आहे. शिवाय धातूवरील प्रत्येक खाच ही चीर पडण्याची संभाव्य जागा असते, आणि मांडीतला दांडा तर दर पावलाला वाकतो. पोताने हाड धरले पण दांडा थकून मोडला, तर उपयोग काय?

हेही सांगितले पाहिजे की गुडघ्याच्या बहुसंख्य शस्त्रक्रियांत सांधा हाडाशी अ‍ॅक्रिलिकच्या सिमेंटने पक्का करतात. जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी ही रीत इंग्लंडमध्ये रूढ केली. तेथे हाडाची गाठ धातूशी पडत नाही, सिमेंटशी पडते. तेव्हा हाड धरण्यासाठी उमटवलेल्या पोताचा खरा उपयोग दातांच्या स्क्रूंना आणि सिमेंटविना बसवायच्या सांध्यांना.

उद्या आपल्यापैकी कोणावर, अथवा आपल्या आईवडिलांवर, इम्प्लांट निवडण्याची वेळ येईल. जाहिरातीत 'लेसर' हा शब्द मोठ्या अक्षरांत असेल आणि किंमतही मोठी असेल. तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. हा पोत माझ्या शरीरात कोणत्या कामासाठी आहे? हे इम्प्लांट किती रोग्यांत, किती वर्षे टिकल्याचे पाहिलेले आहे? आणि संसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रियागृहात कोणती काळजी घेतली जाते? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. स्वच्छ हात, आटोक्यातला मधुमेह, सोडलेली विडी यांनी ती शर्यत आजही जिंकता येते; कोणत्याही पोताने त्यांची जागा घेतलेली नाही.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. खरे आहे, पण त्याच घावांनी चुकीच्या हातात दगड फुटतोही. प्रकाशाची टाकी आता माणसाच्या हाती आली आहे, आणि ती अपूर्व आहे. कोणती खाच कोणाला बोलावते, हे ज्ञान मात्र अजून थोडे थोडे, एकेका बशीतून आणि एकेका रोग्यातून, गोळा होत आहे. ते पुरेसे गोळा होईतो छिन्नीचे कौतुक करावे आणि घाई करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.